बंद घरातला सुनेला

“हा वाचा,” मुरलीधर उदावंत म्हणाले. पोह्यांची बशी त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने दूर सारली, घडीचा कागद अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि कागदावर अंगठी ठेवली.

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एकोणनव्वद सालातली रविवारची सकाळ. अकरा दिवसांनी उदावंतांच्या विद्याधरशी माझा साखरपुडा होता, आणि ती अंगठी त्या दिवशी माझ्या बोटात चढायची होती. उदावंतांच्या वडिलांनी इंदूरला नोकरीत असताना घेतलेला पुष्कराज, हे मी पहिल्या बैठकीपासून तीनदा तरी ऐकलं होतं. अंगठी पुरुषी मापाची, म्हणून लहान करायला ती मधे आठ दिवस अण्णांकडेच होती. माझे वडील, वसंत दहाळे, संगमनेरच्या सराफ बाजारात खडे बसवायचं काम करायचे. बावीस वर्षं करत होते. सराफ कागदाच्या पुडीत सुटे खडे आणून द्यायचे, अण्णा ते दागिन्यात बसवून परत करायचे. मधे कुठली पावती नाही, सही नाही. सगळा धंदा माणसाच्या नावावर चालायचा.

अण्णांनी चष्मा पुसला, कागद वाचला, परत घडी घातली.

“मोठ्यानं वाचा ना,” उदावंत म्हणाले. “पाहुण्यांना दाखवायला कागद असावा म्हणून पुण्याला तपासायला नेली. काय लिहिलंय?”

“सिट्रीन.”

“म्हणजे काय?”

“सुनेला,” अण्णा म्हणाले.

सुनेला काय असतो ते मला नीट ठाऊक होतं. आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आणि तेव्हापासून शाळा सुटली की अण्णांच्या कामाच्या पाटाशेजारी बसायचे. ज्यांना पुष्कराज झेपत नाही ती माणसं गुरूसाठी सुनेला घालतात. अण्णा पांढऱ्या बश्यांत मला त्याचे रंग लावून दाखवायचे. लिंबाच्या सालीसारखा फिका, मधासारखा, आणि एक काकवीसारखा, लालसर तपकिरी. हा गडद बहुतेक वेळा जन्माने सुनेला नसतोच, कटेला, म्हणजे जांभळा ॲमेथिस्ट, भट्टीत तापवून असा करतात. फिका मात्र निसर्गातूनच तसा येतो, आणि तोच फसवतो. चांगला घासलेला फिका सुनेला पुष्कराजाशेजारी ठेवला तर शंभरातल्या नव्वदांना फरक कळत नाही. हातात घेतला की कळतो, कारण पुष्कराज जड असतो. पण अंगठीत बसलेल्या खड्याचं वजन कोण करतं.

“पुण्याच्या आधी माझ्या घरातून ही अंगठी एकदाच बाहेर गेली,” उदावंत म्हणाले. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस, आवाज न चढवता बोलायची सवय. “तुमच्याकडे. पुष्कराज गेला आणि हे आलं. आपल्याला पोलिसात जायचं नाही, दहाळे. सोयरीक मोडली असं समजा. खडा तेवढा परत करा.”

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा पोह्यांच्या बशीकडे बघत होते.

“अण्णा, बोला ना.”

विद्याधर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याची आई, इंदुमती काकू, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. हे स्थळ त्यांनीच सुचवलं होतं. दहाळ्यांची मुलगी घरात आली तर मला बरं वाटेल, असं त्यांनी मध्यस्थाला सांगितलं होतं म्हणे.

मी ट्रे जमिनीवर ठेवला. कुणी माझ्या बापाला चोर म्हणतंय आणि बाप बशीकडे बघतोय, हे मला सहनच होईना. मी पाटावरून टोचा आणि भिंग आणलं आणि अंगठी उचलली.

“मंदा, ठेव ती,” अण्णा म्हणाले.

“नाही ठेवत. खडा काढून बघू. महिन्याभरापूर्वी बदलला असेल तर आतून कळेल.”

अंगठीचं घर, म्हणजे खड्याचं कोंदण, मागून बंद होतं. अशा घरात बसवलेल्या खड्याच्या पाठीमागे काय आहे ते तो काढल्याशिवाय दिसत नाही. मी कडेचं सोनं टोच्याने हळूहळू उलटवलं. उदावंत पुढे झुकले. अण्णांनी पुन्हा एकदा “मंदा” म्हटलं, या वेळी अगदी हळू, आणि मला ते ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं.

खडा सुटला. खाली चकचकीत पत्र्याचा तुकडा होता. फिक्या खड्याला चमक यावी म्हणून पाठीमागे घालतात तसला. पण आता तो चकचकीत नव्हता. काळा पडला होता, आणि घराच्या तळाशी धूळ, हळद आणि गंध यांचा घट्ट थर बसला होता. वर्षानुवर्षं दसऱ्याला पूजेत ठेवलेल्या अंगठीत बसतो तसा.

“हे बघा,” मी म्हणाले. “हा पत्रा बघा. दहा-बारा वर्षांचा आहे. महिन्याभरात पत्रा असा काळा पडत नाही. तुमच्या घरात हा सुनेलाच होता, किती तरी वर्षं. आणि ज्यानं बसवला त्याला ठाऊक होतं, कारण खऱ्या पुष्कराजामागे कुणी पत्रा घालत नाही. आता विचारा तुमच्या...”

आणि तिथे मी थांबले. तो तुकडा मी भिंगाखाली धरला होता. त्याच्या कडेला बारीक बारीक खाचा होत्या, सारख्या अंतरावर, जाईच्या पाकळ्यांसारख्या. पत्रा घडी न पडता गोल घरात बसावा म्हणून अशा खाचा पाडायची युक्ती मी एकाच माणसाकडे पाहिली होती. त्यानेच मला ती शिकवली होती.

अंगठी लहान करताना अण्णांनी खड्याची बाजू ओल्या फडक्यात गुंडाळून बटाट्यात खोचली होती, तेही आत्ता आठवलं. धग लागली की सुनेल्याचा रंग उडतो. पुष्कराजाला त्यांनी कधी एवढं जपलं नव्हतं. त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. आधीपासूनच ठाऊक होतं.

“थांबलीस का?” उदावंतांनी विचारलं. “कुणी बसवला हा?”

मी भिंग खाली ठेवलं.

“मी बसवला,” अण्णा म्हणाले. “तेरा वर्षांपूर्वी.”

उदावंत अण्णांकडे वळले.

“अंगठी तुमच्याकडे कोणी आणली होती?”

अण्णांनी चष्मा काढून ठेवला.

“मी आणली नव्हती. माझे वडील वारलेले होते. मग कोणी आणली, दहाळे?”

“ते मी सांगणार नाही.”

“म्हणजे चोरी तेरा वर्षांपूर्वीची,” उदावंत म्हणाले. “आणि वर तुमची मुलगी माझ्याच घरात द्यायला निघालात.”

मी इंदुमती काकूंकडे बघितलं. पदराचं टोक बोटाला इतकं आवळलं होतं की नख पांढरं पडलं होतं. त्या एका क्षणात मला सगळं कळलं नाही, पण अंगठी कोणी आणली ते कळलं. आणि त्या उठल्या, चपला घातल्या आणि नवऱ्याच्या मागोमाग पायऱ्या उतरून गेल्या.

दारं लावून मी अण्णांवर तुटून पडले. काय बोलले ते आता शब्दशः आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ते पाटासमोर बसले होते आणि मी उभी होते.

“काकूंनी आणली ना? मग सांगितलं का नाही?”

“शब्द दिला होता.”

“चोर म्हणवून घ्यायचा शब्द दिला होता?”

“मंदा, शब्द देताना पुढचं दिसत नसतं,” अण्णा म्हणाले. “दिसलं असतं तर शब्द कशाला लागला असता.”

यापुढे त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही.

बाजारात बातमी दोन दिवसांत फिरली. कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त पुड्या येणं थांबलं. धनराजशेठचं दुकान आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं, निम्म्याहून अधिक काम त्यांच्याकडून यायचं. त्यांचा माणूस आला आणि बसवायला दिलेल्या चार पुड्या तशाच परत घेऊन गेला. ‘शेठ म्हणाले, सध्या घाई नाही,’ असं म्हणाला. जाताना त्याने पुड्या आमच्या दारातच उघडून खडे मोजले. बावीस वर्षांत अण्णांसमोर कुणी खडे मोजले नव्हते. अण्णा त्याच्या बोटांकडे बघत राहिले. मग पाटावरचं फडकं झटकून घडी घातली आणि दिवसभर रिकाम्या पाटासमोर बसून राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी मी उदावंतांच्या घरी गेले. उदावंत जेवून झोपले होते, विद्याधर कचेरीत. इंदुमती काकू मागच्या ओट्यावर गहू निवडत होत्या. मला बघून त्यांनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं.

“काकू, पुष्कराज तुम्ही विकलात.”

त्यांनी नाही म्हटलं नाही. सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“आमच्या थोरल्या ज्योत्स्नाला वैद्यकीयला प्रवेश मिळाला होता,” त्या म्हणाल्या. “हे म्हणाले, मुलीला इतकं शिकवून काय करायचंय, विद्याधरचं बघायचंय अजून. मी माझ्या भावाने पैसे दिले म्हणून सांगितलं. भावाकडे काय होतं. तुझ्या अण्णांनी खडा मुंबईला विकून दिला आणि त्याच्या जागी हा बसवला. मजुरीसुद्धा घेतली नाही. म्हणाले, बाई, माझ्या पोरीलाही शिकवायचं आहे मला.”

आजवर मी हे सांगितलं की लोक म्हणतात, ऐकून तुझा राग गेला असेल. गेला नाही. वाढला. कारण ती गोष्ट चांगली होती. ती गोष्ट त्या खोलीत ताठ मानेने सांगता आली असती.

“मग रविवारी का बोलला नाहीत?”

“यांनी मला घराबाहेर काढलं असतं.”

“आणि अण्णांना बाजाराने बाहेर काढलं. ते चालतं?”

“पुरुषाचं निभतं गं,” त्या म्हणाल्या. “चार दिवस लोक बोलतात. मी ज्योत्स्नालाही कधी सांगितलं नाही. तिला वाटतं मामाने शिकवलं. तिला कळलं तर तिला काय वाटेल?”

“मी तिला लिहीन.”

“मंदा, नको.” त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या तळव्याला गव्हाची धूळ होती. “तुझ्या पाया पडते. काहीही कर, तिला नको सांगू.”

मी हात सोडवून घेतला. घरी आले आणि पत्र लिहिलं. ज्योत्स्नाच्या नाशिकच्या दवाखान्याचा पत्ता साखरपुड्याच्या आमंत्रणांच्या यादीत होता. तुमच्या आईने माझ्या वडिलांना चोर ठरू दिलं, असं पहिलंच वाक्य होतं. दोन पानं लिहिली आणि एकदाही न वाचता टपालपेटीत टाकली.

पुढच्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ज्योत्स्ना उदावंत आमच्या दारात उभी राहिली. एकतीस वर्षांची, उंच, खांद्याला पर्स, केस घट्ट बांधलेले. नाशिकच्या पहिल्या गाडीने आली होती. तिच्या मागे इंदुमती काकू होत्या, डोळे सुजलेले.

“दहाळेकाका कुठे आहेत?”

अण्णा उठून पुढे आले. ज्योत्स्ना वाकली आणि त्यांच्या पायांना हात लावला. मग सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा बघून मी मागे सरकले.

“काका, तेरा वर्षं,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत, आईला माहीत. जिच्यासाठी केलं तिला फक्त माहीत नाही. दर भाऊबीजेला मी मामाच्या पाया पडायचे, माझ्या शिक्षणाचे पैसे दिलेस म्हणून. आणि तोही पडू द्यायचा.”

“बाईंनी सांगू नका म्हटलं होतं,” अण्णा म्हणाले.

“आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत, ज्योत्स्नाला हे पेलणार नाही. मी रोज माणसांची पोटं फाडते, काका. मला एक खडा पेलला नसता?”

ती माझ्याकडे वळली.

“तू मंदाकिनी ना? तुझं पत्र वाचलं. दोन पानांत आई किती भित्री ते सहा वेळा लिहिलंयस. तिनं मला डॉक्टर केलं हे एकदाच, तेही कंसात.”

“माझ्या बापाला चोर म्हणाले तुमचे वडील,” मी म्हणाले. “कंसात काय टाकायचं ते मी ठरवीन.”

वाटलं, आता ही मला काही तरी बोलेल. तिने नुसती मान हलवली. हो म्हणून की कीव म्हणून, ते मला कळलं नाही. मग तिने आईचा दंड धरला.

“चल.”

“कुठे गं?” काकू घाबरून म्हणाल्या.

“जिथे हे बोललं गेलं तिथे.”

मी त्यांच्या मागून गेले. अण्णांनी मला अडवलं नाही, आणि स्वतः आलेही नाहीत. सराफ बाजारात सकाळची दुकानं नुकतीच भरत होती. धनराजशेठच्या गादीवर दोन गिऱ्हाइकं होती, शेजारच्या दुकानातला एक सराफ चहाला येऊन बसला होता. ज्योत्स्ना चपला काढून सरळ गादीपाशी गेली.

“मी मुरलीधर उदावंतांची मुलगी. ही माझी आई. अंगठीतला पुष्कराज तिनं स्वतः विकला, तिच्या मर्जीनं. मला शिकवायला. वडील शिकवत नव्हते म्हणून. दहाळेकाकांनी तिच्या सांगण्यावरून सुनेला बसवला. त्यांनी एक कणही घेतला नाही. आई, हे खरं आहे का?”

इंदुमती काकूंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. ज्योत्स्ना थांबली. तिने आईच्या वतीने उत्तर दिलं नाही.

“खरं आहे,” काकू म्हणाल्या.

धनराजशेठ उठून उभे राहिले. “बसा, ताई,” म्हणाले. “चहा सांगतो.”

“नको,” ज्योत्स्ना म्हणाली. “उरलेल्यांना तुम्ही सांगा. ती बातमीही तुमच्याच गल्लीतून फिरली असेल.”

तिथूनच ती आईला घेऊन स्टँडवर गेली. काकू परत संगमनेरला राहायला आल्या नाहीत. उदावंत मुलीकडे गेले की त्या दुसऱ्या खोलीत बसतात, असं पुढे कानावर आलं. विद्याधरने मला एक पत्र लिहिलं, झालं गेलं विसरून जाऊ अशा अर्थाचं. त्या रविवारी सकाळी तो कॅलेंडरवर कुठली तारीख बघत होता एवढंच मला त्याला विचारायचं होतं. उत्तर न लिहिता मी पत्र परत पाठवलं.

त्याच सोमवारी संध्याकाळी पाचला धनराजशेठ स्वतः आमच्याकडे आले. या माणसाला मी आमच्या पायऱ्या चढताना कधी पाहिलं नव्हतं. हातात पुड्यांचा जुडगा होता.

“वसंतराव, गैरसमज झाला,” ते म्हणाले. “लग्नसराई तोंडावर आहे. तुमच्यासारखा हात बाजारात दुसरा नाही.”

त्यांनी पुड्या पाटावर ठेवल्या. मला वाटलं, अण्णा नेहमीसारखे मान डोलावतील, चष्मा लावतील आणि पहिली पुडी उघडतील. मला तेच हवं होतं. त्यासाठीच तर मी हे सगळं केलं होतं.

अण्णांनी पुड्यांना हात लावला नाही.

“शेठ, पुड्या न्या.”

“अहो, झालं ते झालं.”

“माझ्या पोरीचं लग्न ज्या घरात ठरलं होतं, त्यांनी मला चोर म्हटलं. त्यांचा खडा गेला होता, त्यांचं म्हणणं मी समजू शकतो,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मानेवरची शीर उभी राहिली होती. “तुमचं काय गेलं होतं? बावीस वर्षं तुमच्या तिजोरीतला माल या पाटावर पडलेला असायचा. माझी बायको आजारी होती, घरात औषधाला पैसे नव्हते, तेव्हाही पडलेला होता. दोन गल्ल्यांवर राहता तुम्ही. एकदा येऊन विचारायचं होतं, वसंता, हे काय ऐकतोय. नाही विचारलंत. माणूस पाठवलात आणि माझ्या दारात खडे मोजायला लावलेत.”

“चुकलं म्हणतोय ना मी.”

“न्या,” अण्णा म्हणाले. आणि जुडगा उचलून त्यांनी शेठच्या हातात दिला. उभे राहून, दोन्ही हातांनी.

मी माझ्या बापाला एवढं रागावलेलं त्याआधी बघितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, की रविवारपासून तो माझ्याइतकाच पेटलेला होता. फक्त बोलायची परवानगी त्याने स्वतःला दिली नव्हती.

पुढचं वर्ष फार कठीण गेलं. मग आम्ही गल्लीच्या तोंडाशी एक टेबल टाकलं आणि सुनेले विकायला लागलो. फिके, मधाळ, तपकिरी, वेगवेगळ्या बश्यांत. तापवलेला कुठला ते आधी सांगून. शेतातल्या बायका, शिक्षक, कंडक्टर असली गिऱ्हाइकं यायची, आणि अण्णा प्रत्येकाला बजावायचे, हा पुष्कराज नाही, उद्या कुणाला तसं सांगू नका. आता ते टेबल दुकान झालंय आणि मी एकटी ते बघते.

पण अण्णांनी माझा एक अपराध शेवटपर्यंत सोडला नाही. बाईंनी पाया पडते म्हटल्यावरही तू लिहिलंस, ते म्हणायचे, माझा शब्द होता, तो तू खर्चलास. नाशिकला जा आणि त्यांची माफी माग. शेवटच्या आजारपणातही त्यांनी हेच सांगितलं. मी त्यांचे पाय दाबत होते, त्यांना पाणी पाजत होते, त्यांचं बाकीचं सगळं ऐकत होते.

इंदुमती काकू अजून आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या झाल्यात म्हणे. मी गेलेली नाही. जाणारही नाही.